उपसर्ग दूर करणारे हात

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाची निर्वाणभूमी म्हणून पूजनीय आहे. जैन रामकथेनुसार हे बंधू ध्यानस्थ असताना त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला. राम-लक्ष्मणांनी तो दूर केला आणि त्यानंतर मुनींना केवलज्ञान प्राप्त झाले. उपसर्ग निवारणारे हात दुसऱ्यांचे होते. साधना मात्र मुनींची स्वतःची होती.

व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या माणसाची तुलना मुनींशी होऊ शकत नाही. तरीही त्याच्या सुटकेत ही दोन्ही सत्ये एकत्र असतात. दारू सोडण्याचा निर्धार त्याचाच असतो. परंतु तो दिवस उजाडेपर्यंत कितीतरी माणसे त्याच्यासाठी झिजलेली असतात. पत्नीने गल्ल्याची किल्ली सांभाळलेली असते, भावाने पेठेतील देणी चुकती केलेली असतात, वृद्ध आईने अन्न गोड मानलेले नसते. नशेत यातले काहीच दिसत नाही. शुद्धीवर आल्यावर सारे एकदम दिसते आणि प्रथम दाटून येते ती शरम.

ही शरम धोक्याची असते. सप्तव्यसनांचा त्याग बालपणापासून शिकवणाऱ्या घरात ती अधिकच खोल रुतते. त्यात घरच्यांनी केलेल्या उपकारांची रोज उजळणी मांडली, तर मान खाली घातलेल्या माणसाला पुन्हा पेलाच जवळचा वाटू लागतो.

डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. व्यसन हा आजार आहे आणि रुग्णाला प्रेमाने वागवले पाहिजे, ही तेथील भूमिका. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना धीर देतात. शरमेचे कृतज्ञतेत रूपांतर होते ते अशा वेळी.

व्यापारी घराला हा भेद सहज उमगावा. उधारी ज्याची त्यालाच फेडावी लागते आणि तिच्यावर व्याजही चढते. उपकाराची रीत निराळी आहे. तो तिसऱ्याच्या हाती दिला तरी फिटतो. जीवांनी परस्परांना साहाय्यभूत व्हावे, हा तत्त्वार्थसूत्राचा विचार याहून वेगळा नाही.

म्हणून घरच्यांनी उपकारांचा तगादा लावू नये. सावरणाऱ्यानेही सायंकाळच्या प्रतिक्रमणात दोषांची आलोचना झाल्यावर क्षणभर थांबावे आणि आजचा दिवस निर्व्यसनी गेला त्यात कोणाकोणाचा वाटा होता, हे आठवावे. त्या नावांपैकी एकाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दोन शब्द बोलून दाखवावेत. बहुधा ते नाव घरातलेच असेल.