गाय दारात आली तेव्हा

पुण्यातली नोकरी संपल्यावर २०१९ साली आम्ही दोघे आईला घेऊन गावी परत आलो. गाव राजगडाच्या पायथ्याशी, नसरापूरवरून मार्गासनीला जाऊन आत वळायचे. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच. गावी आलो ते काही हौसेने नव्हे. आमच्यातल्या एकाला साखर निघाली होती, दुसऱ्याचे गुडघे धरले होते, आणि पोटे दोघांचीही सुटली होती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितले, चाला आणि ताटातला भात कमी करा. इंद्रायणीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला भात कमी कर म्हणणे म्हणजे काय, हे आमचे आम्हालाच ठाऊक!

वडिलोपार्जित जमीन म्हणाल तर भाताची तीन खाचरे आणि वर डोंगराकडे थोडा माळ. ही वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, मग कब्जाची रक्कम भरून ती आजोबांच्या नावावर झाली. माळावर गवत उभे राही आणि उन्हाळ्यात वणव्यात जाई. आम्ही ठरवले, एक गावठी गाय घ्यावी. घरचे दूध होईल, शेणखत मिळेल आणि तिच्यामागे चालणेही होईल.

आईला सांगितले तर ती उठूनच बसली.

"म्येली की वढायला कोन जानार? परत आपनच?"

आई ब्याऐंशीची आहे. तिच्या लहानपणी जनावर जिवंत असेपर्यंत दुसऱ्याचे असे आणि मेले की आपले. गोठ्याच्या उंबऱ्याला शिवायची बंदी, पण मेलेले ढोर ओढायला निरोप येई तो आपल्याच आळीत. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथे मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. त्याची बातमी घाट चढून आमच्या खोऱ्यातही आली, आणि वाडवडिलांनी ते सोडले. सोडणे सोपे नव्हते. त्या बदल्यात चुलीवर काय ठेवायचे, हे सांगायला गावातला कोणी पुढे आला नाही. हे सगळे आईच्या त्या एका प्रश्नात होते. आम्ही तिला म्हटले, "आई, मेली तर आम्ही आमच्याच रानात पुरू. कुणाचे निरोप येणार नाहीत." ती काही बोलली नाही. पण गाय आली त्या दिवशी ती बाहेर आली नाही.

गाय लहान चणीची, काळसर तांबडी. दिवसाला दोन वेळचे मिळून जेमतेम दोन लिटर दूध देई, तेही वासरू पुढे आणल्याशिवाय पान्हा सोडत नसे. शेजारचे तात्या हसले. त्यांच्या गोठ्यात संकरित गायी, पेंडीवर पोसलेल्या. म्हणाले, "एवढ्याशा दुधासाठी दिवसभर डोंगर चढताय व्हय?" हिशेबाने त्यांचे खरे होते. डेअरीवर गायीच्या दुधाचा भाव फॅट आणि लिटर बघून होतो, गायीने काय खाल्ले हे तिथे कोणी विचारत नाही. पण आमच्या गायीला पेंड विकत आणावी लागत नव्हती, आणि मुसळधार पावसातही ती उभी राहून चरे.

गवताचेही शिकावे लागते. आम्हाला वाटे, गवत ते गवत. मारवेल आणि पवन्या ही चांगली. कुसळी मात्र कोवळी असेपर्यंतच. एकदा कुसळ धरली की जनावराच्या तोंडात टोचते आणि आपल्या धोतर-लुगड्यातही शिरते. म्हणून वैरण फुलोऱ्यावर असतानाच कापायची, दोन दिवस वाळवायची आणि गंज रचायची. पहिल्या वर्षी आम्ही दिवाळीनंतर कापले आणि हाती नुसत्या काड्या आल्या. गाय गव्हाणीत तोंड घालून आमच्याकडे बघे! त्या उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्यावर दिवस काढले.

आता तब्येतीचे सांगतो, कारण ओळखीचे लोक तेच विचारतात. आमची साखर उतरली, गोळी निम्मी झाली. पण ती गवतावरच्या गायीच्या दुधाने उतरली असे आम्ही म्हणणार नाही. हिरव्या चाऱ्यावरच्या जनावराच्या दुधात ओमेगा तीन जातीची स्निग्धे जास्त असतात, दुधाला पिवळसर झाक येते ती चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे, हे खरे. पण कपभर दुधात ती असून असणार किती? 'ए टू' म्हणून पुण्यात दामदुपटीने दूध विकतात, त्याचेही औषधी गुण कुठे पक्के सिद्ध झालेले नाहीत. आमची साखर उतरली ती रोज सकाळ-संध्याकाळ डोंगर चढून, आणि ताट बदलून. रात्रीचा भात बंद झाला. त्याजागी एक नाचणीची भाकरी (तीही एकच, नाचणीतही पिष्ट आहेच), हुलग्याचे माडगे, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. आठवड्यातून दोनतीनदा अंडी, कधी सुकट. हे सगळे आईचेच जेवण. पुण्यात राहून आम्ही ते 'गरिबीचे' म्हणून टाकले होते.

दुधाचा खरा उपयोग वेगळाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे होती त्यांची बाळे चांगली भरली. बहुतेक स्त्रियांच्या अंगात बी बारा जीवनसत्त्व मात्र कमी निघाले. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. शिवाय साखरेवरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतली तर तेही घटते. आमच्या पायाला मुंग्या येत त्याचे कारण तेच निघाले. ज्या भगिनी-बंधूंची ही गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून एकदा तपासणी करून घ्यावी. आणि दूध कितीही घरचे असले तरी उकळूनच प्यावे.

२०२२ साली लंपी आला. आमची गाय वाचली, पण तिची कालवड गेली. अंगभर गाठी, चारा बंद, पाचव्या दिवशी संपली. त्याच आठवड्यात गावात आणखी एक गाय मेली, आणि संध्याकाळी एक पोरगा आमच्या दारात आला. म्हणाला, "आमच्या दादांनी निरोप दिलाय, तेवढं उचलायला या." पोराला वय नव्हते, त्याला काही कळत नव्हते. दारात आई बसली होती. आम्ही त्याला सांगितले, "बाळा, दादांना सांग, जेसीबीवाल्याचा नंबर देतो. आमच्या कालवडीलाही तोच येतोय." जेसीबी आला, रानात खोल खड्डा झाला, चुना पडला. आईने रात्री एवढेच विचारले, "खड्डा किती खोल घेतला?" आम्ही सांगितले, पुरुषभर तरी. मग ती झोपली.

आता गोठ्यात गाय आहे आणि तिचा दीड वर्षाचा पाडा. खाचरे लहान आहेत, चिखलणीला बैल लागतो, पण पॉवर टिलर आल्यापासून बैल मागणारे कमी. पूर्वी म्हातारा बैल बाजारात जाई, त्यातून नवे जनावर येई, आणि गरिबाच्या ताटात स्वस्तातले मांस पडे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारपणची त्याची वैरण मालकानेच घालायची. ज्याला शेतच नाही, त्याने गाय पाळावी कशी? आणि चारावी कुठे? डोंगरउतारावर एकेक करून फार्महाऊसची कुंपणे पडत आहेत. आमच्या माळालाही गिऱ्हाईक येऊन गेले. जमीन नवीन शर्तीची, परवानगीशिवाय विकता येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "ते आम्ही बघतो." आम्ही नको म्हणालो.

पाड्याला खालच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याने मागणी घातली आहे, औताला शिकवतो म्हणतात. दिवाळीआधी वैरण कापायची आहे, तेव्हा ठरवू. आई अजून गायीच्या अंगाला हात लावत नाही. पण सकाळी चहा पुढे ठेवला की कपात वाकून बघते आणि म्हणते, "दूध हाये ना घरचं? मग घाला की वाईच."