पुडीवर नाव लिहा, डॉक्टर

'कंपाउंडर' हा शब्द आपल्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. दवाखान्यात नंबर लावणारा, पट्टी बांधणारा, खिडकीतून पुड्या देणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. मूळ अर्थ मात्र औषधं मिसळून तयार करणारा. एकेकाळी ते काम खरंच असायचं. घरून बाटली न्यायची, त्यात लाल मिक्श्चर भरून मिळायचं आणि बाटलीला चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर डोसाच्या खुणा असायच्या.

आता औषधं कारखान्यात बनतात. तरी मिसळून, कुटून, मोजून औषध देणं बंद झालेलं नाही. गुडघेदुखीची पुडी, चेहऱ्यावरच्या डागांसाठी साध्या डबीत भरून दिलेलं मलम, बाळासाठी मोठ्यांच्या गोळीतून काढलेला डोस. यातलं एक तरी आपल्या घरात कधी ना कधी आलेलंच असतं.

ही पद्धतच वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाळाला हृदयाचा आजार आहे. त्याला लागणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी २५ मिलिग्रॅमची, आणि बाळाला हवा त्याचा चौथा हिस्सा. हॉस्पिटलच्या फार्मासिस्टनं गोळ्या कुटून, मोजून पुड्या करून दिल्या. प्रत्येक पुडीच्या पाकिटावर बाळाचं नाव, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी बनवली, कधीपर्यंत वापरायची, सगळं लिहिलेलं. ही सोय नसती तर त्या आईनं रोज सुरीनं गोळीचे तुकडे केले असते, आणि एक तुकडा लहान, एक मोठा झाला असता.

आता दुसरी पुडी. माझी मावशी तालुक्याच्या गावी राहते. गुडघे दुखायचे म्हणून सहा महिने एका दवाखान्यातून पुड्या आणायची. पन्नास-शंभर रुपयांत काम, आणि आराम इतका की ती डॉक्टरांना देवमाणूस म्हणायची. दिवाळीला आमच्याकडे आली आणि चार दिवसांत पुड्या संपल्या. मग उलट्या, अंगात त्राण नाही, बीपी खाली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणतं औषध चालू आहे?" मावशीनं पिशवीतून रिकामा कागद काढून दिला. कोरा.

दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "सर बाहेर गेलेत. ती आमची नेहमीची दुखण्याची पुडी आहे, काही होत नाही तिनं." इकडे डॉक्टर मावशीचा गोल झालेला चेहरा आणि हातावरचे काळेनिळे डाग बघत होते. त्यांना स्टेरॉइडचा संशय आला आणि त्याच अंदाजावर उपचार सुरू झाले. संध्याकाळी ते सर फोनवर भेटले आणि त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "प्रेडनिसोलोन आणि डायक्लोफेनॅक." मावशी बरी झाली. पण मला राहून राहून वाटतं, विचारल्यावर दोन सेकंदांत सांगता येणारी दोन नावं सहा महिने पुडीवर लिहायला काय हरकत होती?

स्टेरॉइड हे काही विष नव्हे. दम्यात, काही प्रकारच्या संधिवातात ते जीव वाचवतं. पण महिनोन् महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. मग ते अचानक थांबलं की माणूस कोसळू शकतो. शिवाय शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सोबत दुखण्याची गोळी असेल तर पोटात अल्सरचा धोका, किडनीवर ताण. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यासाठी तर हे फारच धोक्याचं. म्हणून आधीच सांगतो, ही पोस्ट वाचून कुणीही चालू पुडी एकदम बंद करू नका. आधी तिच्यात काय आहे ते विचारा.

डबीतल्या मलमाचंही तेच. स्टेरॉइड असलेल्या मलमानं आठवड्यात चेहरा उजळतो, पण पुढे त्वचा पातळ आणि लाल होते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारनं २०१८ मध्ये केला. पण डबीवर नावच नसेल तर आत काय आहे हे कळणार कसं?

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध मिसळणं आणि देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम. स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची सूट डॉक्टरांना आहे, आणि गावाकडे ती हवीच. पण सूट देण्याची आहे, लपवण्याची नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत तर गुप्त औषधांवर वेगळं कलम आहे, आणि औषधावर स्पष्ट नाव असावं असं त्यात म्हटलंय. पेशंटनं मागितले तर उपचाराचे कागद ७२ तासांत द्यावेत, हेही त्याच आचारसंहितेत आहे.

नावाला इतकं महत्त्व का? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीन दिलेले १४ पेशंट दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्या प्रकरणाची चौकशी केली. २०२५ मध्ये तेच रसायन पुन्हा एका खोकल्याच्या औषधात निघालं. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागातली वीसहून जास्त मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. पण त्या बाटलीवर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर होता, म्हणून निदान ते औषध शोधून थांबवता आलं. पुडीला बॅच नसतो. तिच्यात काही चुकलं तर शोधायचं कुठून?

डॉक्टरांची बाजूही समजून घेऊ. पेशंटकडे मेडिकलमधून औषध घ्यायला पैसे नसतात. चिठ्ठी दिली की तीच दाखवून लोक वर्षभर परस्पर औषध घेतात. हे खरं आहे. पण त्यावर उपाय कोरी पुडी नाही. नाव लिहूनही औषध स्वस्तात देता येतं.

अडचण आपलीही आहे. डॉक्टरांना विचारलं तर राग येईल, विश्वास नाही असं वाटेल, म्हणून आपण गप्प बसतो. तेव्हा असं म्हणून बघा, "डॉक्टर, आईला शुगरचं औषध दुसरीकडून चालू आहे. त्यांना दाखवायला यातली नावं लिहून द्याल का?" यात अपमान कुणाचाच नाही. चांगला डॉक्टर लगेच लिहून देतो, हा माझा अनुभव आहे.

त्याच कागदावर अजून चार गोष्टी विचारून घ्या. प्रत्येक औषध किती मिलिग्रॅम? किती दिवस घ्यायचं, आणि थांबवताना हळूहळू कमी करायचं का? ठेवायचं कुठे, किती दिवस टिकतं? आणि यात स्टेरॉइड आहे का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याही पॅथीच्या पुडीला लागू आहे.

घरी गोळी कुटून देत असाल, खासकरून नाकातल्या नळीतून, तर आधी पाकीट बघा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं काही असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. डॉक्टरांना सांगितलं तर बहुतेक वेळा दुसरा पर्याय निघतो.

नाव विचारूनही कुणी देत नसेल, तर ते औषध घ्यायचं की नाही याचा विचार नक्की करा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. शंका मोठी असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तिथे लेखी तक्रार करता येते.

आज घरी गेल्यावर आईवडिलांच्या औषधांचा डबा उघडा. नाव नसलेली पुडी, डबी, बाटली सापडली तर बाजूला काढा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या. नाव लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका.