उतारा वाच, बाळू

फलटण

चि. बाळू,


परवा अक्काकडे तू धाकट्याला शिकवत होतास, ते ऐकलं. 'इंग्रजीचा उतारा वाचत बसायचा नसतो, सोडवायचा असतो. आधी प्रश्न बघ, त्यातला शब्द उताऱ्यात हुडक, मागची-पुढची ओळ बघ, खूण कर आणि पुढे सरक.' पानावर बसलो होतो म्हणून गप्प राहिलो. एसटीत बसल्यावर मात्र डोकं भणभणलं, ते अजून थांबलेलं नाही. फोन केला तर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि दुसऱ्या कानाने क्लासचं लेक्चर ऐकतोस. म्हणून पत्र.

तू सराव पेपरातला ठिबकचा उतारा पाठवला होतास, 'मामा, ह्याचं उत्तर आयोगवाले चुकीचं देतात' असं लिहून. पहिली गोष्ट, तो पेपर क्लासचा होता, राज्य लोकसेवा आयोगाचा नव्हता. दुसरी, उत्तर बरोबर होतं. उताऱ्यात काय म्हटलंय ते पुन्हा बघ. शेतकऱ्यांनी ठिबक बसवलं, एकरी पाणी कमी लागायला लागलं, वाचलेल्या पाण्यावर त्यांनी आणखी ऊस लावला आणि विहिरींची पातळी होती तिथेच राहिली. एवढंच. ह्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, असा प्रश्न. तू खूण केलीस 'उसावर बंदी घालायला हवी' ह्या पर्यायावर. का? तर तू माळशिरस तालुक्यातला, दादांचं उसापायी काय झालं ते तू बघितलंस, आणि बंदी हवी असं तुला मनापासून वाटतं. मलाही वाटतं. पण लिहिणाऱ्याने ते कुठे म्हटलंय? तो फक्त एवढंच सांगतोय की पाणी वाचवणारं तंत्र आलं म्हणून एकूण वापर कमी होईलच असं नाही. तो पर्याय तिसरा होता. तुला तो मिळमिळीत वाटला असणार. बरोबर उत्तर पुष्कळदा मिळमिळीतच असतं, कारण ते उताऱ्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलत नाही.

त्याच उताऱ्यात एक ओळ होती : 'फ्यू फार्मर्स रिड्यूस्ड देअर केन.' तू खाली पेन्सिलीने लिहिलंयस, 'काही शेतकऱ्यांनी ऊस कमी केला.' अरे, 'अ फ्यू' असतं तर काहींनी केला. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळपास कुणीच केला नाही! लेखकाचा सगळा रोख त्या ओळीत होता आणि तू तो उलटा वाचलास. आता गंमत बघ. 'फ्यू, अ फ्यू, द फ्यू' हा नियम तुला तोंडपाठ आहे. रिकाम्या जागा भरायला दिल्या असत्या तर तू एकही चुकला नसतास. पण तुझ्याकडे व्याकरणाची वही वेगळी आणि उताऱ्यांची वही वेगळी, आणि दोघींची गाठ कधी पडत नाही. माझं सगळं भांडण ह्याच्याशी आहे.

हे तुझ्या एकट्याचं नाही म्हणा. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं, तुम्ही सगळी त्यातलीच पोरं. आम्हाला पाचवीत एबीसीडी भेटली. म्हणजे आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त इंग्रजी तुमच्या वाट्याला आलं, आणि त्या चार वर्षांत काय केलंत तर उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उचलून उत्तरात ठेवायला शिकलात. दहावीला त्यावर मार्क मिळतात. एकवीस अपेक्षित घेतलं, गाइड घेतलं, 'डू ॲज डायरेक्टेड' घोटलं, झालं. माझ्या वर्गात मी हटकून एक वाक्य द्यायचो : 'ही इज टू वीक टू वॉक.' 'टू' काढून 'सो दॅट' करा. सगळा वर्ग बिनचूक करायचा : 'ही इज सो वीक दॅट ही कॅननॉट वॉक.' मग मी विचारायचो, काय रे, तो माणूस चालला की नाही? वर्ग चिडीचूप. एखादा धीर करून म्हणायचा, 'सर, हळूहळू चालला असेल.' वाक्याचं रूप पोरांनी बदललं होतं, वाक्य वाचलं नव्हतं. हेडमास्तरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, निकाल चांगला लागतोय ना? लागत होताच.

आणि तुझं ते 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'! मराठीत 'काल पाहिलंय मी त्याला' खुशाल चालतं, म्हणून तुझ्या पेनातून ते उतरतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'हॅव' बाहेर. हा नियम पाठ करून तू सतरा वेळा विसरलास. पुस्तकाची चार पानं रोज मोठ्याने वाचली असतीस तर कानालाच ते वाक्य खटकलं असतं. मी दिलेलं 'रेन अँड मार्टिन' अजून आहे ना जवळ, की रद्दीत गेलं? त्यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी १९२४ साली लिहिणारा. व्याकरण लिहिणारा हा गृहस्थ गोष्टी सांगणारा होता, हे शाळेत कुणीच सांगत नाही. तुम्हाला तो फक्त स्वाध्यायांपुरता माहीत.

'मामा, इंग्रजी क्वालिफाइंगच आहे,' हे तुझं ठरलेलं वाक्य. वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून २०२३ ला पुण्यात रस्त्यावर बसला होतास, अक्का टीव्हीत तुला शोधत होती. आयोगाने ऐकलं, २०२५ पर्यंत मुदत दिली. त्या मुदतीत इंग्रजीचं एक पान तरी स्वतःच्या शब्दांत लिहिलंस का? आता मुख्य परीक्षेत मराठी ३०० आणि इंग्रजी ३०० आहेतच. गुण यादीत धरत नाहीत हे खरं, पण दोन्हींत २५ टक्के, म्हणजे ७५ पडले नाहीत तर सामान्य अध्ययनाचे तुझे ते गठ्ठे आणि वैकल्पिक विषय कुठल्या कामाचे? यूपीएससीच्या तशाच पेपरात उताऱ्याला ७५ आणि सारांशाला ७५ असतात, आणि दोन्हींत उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं असतं. तिथे शब्द हुडकून खूण करायला चौकटच नाही. तुझी विद्या तिथे संपते.

म्हणून सारांश लिही. माझं हे वेड तुला ठाऊक आहे, हसू नकोस. आधी मराठीत लिही. कुठलाही अग्रलेख घे, दोनदा वाच, पेपर पालथा घाल आणि एक तृतीयांशात लिहून काढ. तुझं मत त्यात आलं तर खोड. उदाहरणं सोड, मुद्दा धर. तेवढं जमलं की इंग्रजीतला परिच्छेद घे. मराठीतला अग्रलेखसुद्धा तू हल्ली मथळा आणि शेवटच्या दोन ओळी एवढाच वाचतोस, हे मी दिवाळीत बघितलंय. मग इंग्रजीवर राग कशाला? आणि हे काही परीक्षेपुरतं नाही. उद्या तू तहसीलदार झालास आणि एखाद्या बाईचा तीन पानी अर्ज समोर आला, तर त्यातही शब्द हुडकून खूण करणार का? पाटबंधाऱ्याचा जीआर असाच अर्धा वाचून आपल्या वाडीची फाइल कुणी बसवून ठेवली होती, ते दादांना विचार.

जास्त बोललो. खरं म्हणजे इंग्रजीची काळजी मला एवढी नाही. तू उतरलेला दिसलास. मेसचं जेवण बदल, पैसे लागले तर अक्काला न सांगता मला कळव. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसून डोळे लाल करतोस आणि सकाळी तोच उतारा पुन्हा काढतोस, ह्याला अभ्यास म्हणत नाहीत. अजून किती वेळा परीक्षा द्यायची ते तुझं तू ठरव, पण ठरव. अक्का विचारत नाही, कारण तिला उत्तराची भीती वाटते. बी.एड.चा फॉर्म भरलास तर कुणी तुला हरलास म्हणणार नाही, मी तर नाहीच.

धाकट्याला तुझी ती युक्ती शिकवलीस, ती आधी मागे घे. तो दहावीत आहे, तुझा प्रत्येक शब्द झेलतो. आणि दर रविवारी एक सारांश मला पोस्टाने पाठव, फोटो काढून नको. लाल पेन अजून आहे माझ्याकडे. पहिला त्या ठिबकच्या उताऱ्याचाच असू दे.

तुझा,
मामा