कर्दळीचा काठ

वसईच्या आमच्या वाडीत न्हाणीघराचे सांडपाणी कधी गटारात गेले नाही. ते एका चराने कर्दळीच्या ताटव्यात जाई, तेथून अळूकडे आणि उरलेसुरले केळींच्या बुंध्याशी. आजीने ती कर्दळ शोभेसाठी लावली असावी, असे मला लहानपणी वाटे. पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो तेव्हा कळले, की तिच्या मुळांवाटे चिखलात प्राणवायू उतरतो, मुळांच्या जाळ्यावर जीवाणू वस्ती करतात आणि पाण्यातील बरीचशी घाण तेच फस्त करतात. आज याच तत्त्वावर सांडपाणी शुद्धीकरणाचे वाफे बांधले जातात. आजीला तत्त्व ठाऊक नव्हते. तिच्या चराला दुर्गंधी मात्र कधी आली नाही.

वडिलांची सारी मदार पानवेलीवर. पावसाळ्यात मूळकूज शिरली, की हिरवीगार वेल पाहता पाहता माना टाकते. वडील मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण मुळाशी ओतीत. त्याने वेली तगत, हे मान्य केलेच पाहिजे. पण मोरचुदातील तांबे जमिनीतच साठत जाते; ते कुजत नाही, विरत नाही. शिवाय पान माणूस थेट तोंडात घालतो. एका वर्षी सुट्टीत घरी असताना मीच भुरीवर एक जहाल औषध फवारले आणि दुसऱ्याच दिवशी पाने खुडून मुंबईच्या बाजारात धाडली. वडिलांना कळले, पण ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू खाल्ली असतीस का रे ती पानं?" त्या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेले नाही.

त्यानंतर आम्ही निंबोळीकडे वळलो. पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी वस्त्रगाळ करायचा, थोडा साबण घालून शंभर लिटर पाणी करायचे. फवारणी संध्याकाळीच, कारण निंबोळीतील कडू द्रव्य उन्हात लवकर निकामी होते. किडींवर व भुरीवर गुण आला. मूळकुजीवर मात्र निंबोळी पेंडीपेक्षा पाण्याचा निचरा करणारा खोल चरच अधिक उपयोगी पडला. निंबोळी म्हणजे काही संजीवनी नव्हे.

कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने 1994 मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले होते. वंदना शिवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. 2000 च्या मे महिन्यात म्युनिकला सुनावणी झाली. अभय फडके यांनी तेथे साक्ष दिली, की महाराष्ट्रात 1985 व 1986 मध्येच अशा अर्काच्या शेतावर चाचण्या झाल्या होत्या. पेटंट रद्द झाले. 2005 मध्ये अपीलही फेटाळले गेले. पहिल्या निकालाची बातमी मी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे आता निंबोळ्या वेचायला परवानगी नको ना?"

यंदा आमच्या गावच्या तरुणांनी बावखल साफ करायला घेतले. जलपर्णीचा डोंगरच निघाला. त्याचे खत करून वाड्यांना वाटावे, असा त्यांचा बेत होता. मी आडवा आलो. बावखलाच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारा एक छोटा कारखाना आहे आणि पावसात त्याचे पाणी इकडेच उतरते. जलपर्णी शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मुळांत ओढून घेते, पण ती ते नष्ट करीत नाही. केवळ धरून ठेवते. अमेरिकेतील फ्लोरिडात आर्सेनिक शोषणारे एक नेचे सापडले, त्याची माहिती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचीही पाने कापून दूर न्यावीच लागतात, नाहीतर विष पुन्हा मातीत.

"सर, वनस्पती पाणी शुद्ध करते, हे तुम्हीच शिकवलंत," त्यांच्यातला एक फटकन बोलला. खरे होते. अर्धाच धडा शिकवला होता मी.

जलपर्णीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे. अहवाल यायचा आहे आणि पाऊस आठ दिवसांवर आला आहे. ढिगाखाली प्लास्टिक, वर ताडपत्री घातली आहे. रोज संध्याकाळी मी तिकडे जातो आणि तिच्या दोऱ्या ओढून पाहतो.