कलमदान

आमच्या घरी 'मैं' म्हणायची चाल नाही. आमचे पूर्वज उत्तरेकडून विणकामाचा धंदा घेऊन मालेगावात आले, तेव्हापासून लहानथोर सारे स्वतःला 'हम'च म्हणतात. मराठी लिहायला बसलो की त्या 'हम'चे आपोआप 'आम्ही' होते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. पुढे जे सांगायचे आहे त्यात तर मोठेपणा मुळीच नाही.

शाळा उर्दू माध्यमाची, इयत्ता सहावी, पट ५२. बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर कामाला, आणि आया घरी कांड्या भरतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना कांडी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की सूत कागदी कोनावर गुंडाळून येते, ते कोनावरून उतरवून कांडीवर भरतात, आणि ती कांडी धोट्यात बसून मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहते. सूत संपले की रिकामा कोन उरतो. आमच्या अम्मीनेही वर्षानुवर्षे कांड्या भरल्या. आमच्या बी.एड.च्या फीचा बराचसा भाग त्यातूनच आला.

वर्गात एक लोखंडी कपाट आहे. पेन्सिली, पट्ट्या, खोडरबर, कात्र्या, डिंकाच्या बाटल्या, स्केचपेन, सगळे त्यात. किल्ली आमच्या पर्समध्ये. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत, असे जुने शिक्षक सांगतात. आमच्या वाट्याला ते दिवस आले नाहीत. पुस्तके मोफत येतात. जून २०२३ मध्ये तर पुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडून आली, २०२५ मध्ये ती पुन्हा गेली. पण त्या पानांवर लिहायची पेन्सिल कोणी देत नाही. त्यामुळे कपाटातला माल थोडा आमच्या पगाराचा आणि थोडा सहकाऱ्यांकडून मागून आणलेला. म्हणूनच कुलूप. तास ३५ मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटे वस्तू मोजून देण्यात आणि मोजून परत घेण्यात जात. आम्हाला त्याचा अभिमान होता हेही लिहून ठेवतो. 'आपांच्या वर्गातून एक खडू हलत नाही,' असे स्टाफरूममध्ये म्हटले जाई.

जानेवारी २०२३. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते, हे कागद कापून दाखवायचे होते. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे कापायचे आणि एका रेषेवर शेजारी शेजारी मांडायचे. उर्दूत याला ज़ाविया म्हणतात. मराठीच्या तासाला 'कोन' हा शब्द आला की आमची मुले हसतात, कारण त्यांच्या लेखी कोन एकच, सुताचा. आठ कात्र्या दिल्या, सात परत आल्या.

आम्ही दोनदा मोजल्या. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे आमची नजर गेली. का गेली? त्याचा सदरा मळका होता, तो कमी बोलायचा, आणि वस्तू घ्यायला सर्वांत शेवटी यायचा. याहून दुसरे कारण आज कितीही आठवले तरी सापडत नाही. आम्ही त्याला पुढे बोलावले आणि ५२ मुलांदेखत त्याचे दप्तर टेबलावर रिकामे केले. दोन वह्या, पुस्तके, कागदात बांधलेली अर्धी रोटी, आणि एक पेन्सिल. पेन्सिल कसली, इंचभराचा तुकडा. तो हातात धरता येत नव्हता, म्हणून कोनाच्या कागदाची घट्ट सुरळी करून तिच्या तोंडात बसवलेला, वरून सुताचे वेढे दिलेले. इतके नेटके काम, की आमचा हात क्षणभर थांबला. पण तोंडाने आम्ही एवढेच म्हणालो, "जाओ, बैठो."

कात्री चार वाजता सापडली. कपाटातच होती, हजेरीपटाखाली. आम्हीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी जुम्मा. दुपारनंतर आम्ही त्याचे घर शोधत गेलो. जुम्म्याला कारखाने बंद असतात. एरवी त्या गल्लीत शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. त्या दिवशी मात्र मागांची खटखट नव्हती, आणि आमचा शब्द न् शब्द शेजारपाजारी ऐकू जाणार होता. त्याच्या आईने खाट पुसून बसायला दिले. जे झाले ते आम्ही सांगू लागलो, तर तिने मध्येच थांबवले. "आपा, उस्ताद का हक़ है. बच्चा बिगड़े नहीं, इसी वास्ते तो भेजते हैं." ती रागावली असती तर सोपे झाले असते. माफी आम्ही मागितली, पण ती निघताना, जिन्यात, त्या मुलाला एकट्याला गाठून, हळू आवाजात. जिन्याखाली रिकाम्या कोनांची गोणी पडली होती. तिच्याकडे बघत बघतच आम्ही ते चार शब्द उरकले.

घरी आल्यावर हिशेब मनात टोचू लागला. झडती वर्गासमोर, माफी जिन्यात. आणि सोमवारी पुन्हा तेच कुलूप, तेच मोजून देणे.

कुलूप काढायचे ठरले. पण मग वस्तू ठेवायच्या कशा? ५२ मुलांत उघडा डबा ठेवला तर पाच मिनिटांत त्याची खिचडी होते. प्रत्येक वस्तूला आपली जागा हवी, आणि ती रिकामी असली तर लांबूनही दिसायला हवी. बी.एड.ला आम्ही 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली थर्माकोलचा ताजमहाल केला होता, गुणही चांगले पडले होते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा तो ताजमहाल आठवून हसू आले. त्यातला टाकाऊ भाग कुठला, हे परीक्षकांनी विचारलेच नव्हते.

पहिला प्रयत्न पुठ्ठ्याच्या खोक्याचा. आत कप्पे केले, कणकेच्या खळीने चिकटवले. पंधरा दिवसांत झुरळांनी खळ खाल्ली आणि कप्पे आडवे झाले. पूर्वी खळीत मोरचूद घालत, म्हणजे किडे लागत नसत. पण मोरचूद विषारी. मुलांच्या हाताखालच्या वस्तूत ते घालणे शक्यच नव्हते.

मग फळवाल्याकडून सफरचंदाची लाकडी पेटी आणली आणि तीत कोन उभे करायचे ठरवले. कोन दोन्हीकडून उघडा, उंची साधारण सात इंच, एक तोंड चार बोटे रुंद, दुसरे दोन बोटे. रुंद तोंड वर करून ओळीने लावले तर वरची तोंडे एकमेकांना भिडत आणि खाली मात्र मोकळी जागा. पेटीला जरा धक्का लागला की सगळे डुलू लागत. आम्ही तासभर झगडलो. अम्मी खाटेवरून बघत होती. शेवटी म्हणाली, "एक सीधा रखो, एक उल्टा." ज्या बाईने जन्मभर कोन हाताळले तिला आधीच विचारायला हवे होते. एक सुलटा, त्याच्या शेजारी एक उलटा, पुढच्या ओळीत बुद्धिबळाच्या पटासारखी अदलाबदल. सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. आठ ओळी, ओळीत पाच, असे ४० कोन बसले. शिवाय तोंडे आपोआप दोन मापांची झाली. रुंद तोंडांत कात्र्या, पट्ट्या, डिंक. अरुंद तोंडांत पेन्सिली आणि स्केचपेन. फटी दिसू नयेत म्हणून पेटीच्या तळाला पुठ्ठा, आणि फरशी धुताना पाणी लागू नये म्हणून पेटीखाली दोन विटा. खर्च झाला तो फक्त खिळ्यांचा.

काश्मीरमधल्या कागदाच्या लगद्याच्या कामाला एके काळी कार-ए-कलमदानी म्हणत, कारण त्यातून लेखणी ठेवायची कलमदाने होत. त्यांवर सोन्याची नक्षी असे. आमच्या कलमदानात काश्मीरचे काही असलेच तर ती सफरचंदाची पेटी.

चिठ्ठ्या लावताना गंमत झाली. आम्ही उजवीकडून सुरुवात केली. पहिली पेन्सिल, मग रबर, पैमाना, कैंची. मुलांनाही तेच सोयीचे. पण मराठी शिकवायला येणाऱ्या सरांनी डावीकडून पाहायला सुरुवात केली आणि त्यांना सगळा क्रम उलटा वाटला. ते म्हणाले, "मॅडम, तुमची पेटी शेवटापासून सुरू होते." मग प्रत्येक कोनावर दोन चिठ्ठ्या लावल्या. कैंची आणि कात्री. परकार आणि कंपास. रबर आणि खोडरबर. 'खोडरबर' हा शब्द कित्येक मुलांनी प्रथम तिथेच वाचला. 'खोड' म्हणजे झाडाचे खोड, मग ते रबराला का, हा प्रश्नही आला. त्याचे उत्तर सरांकडे सोपवले.

पेटी खिडकीखाली ठेवली त्या दिवशी आम्ही वर्गासमोर उभे राहिलो आणि सांगितले, की कात्री आमच्याच कपाटात होती, आम्ही एका मुलाची झडती घेतली ती चुकीची होती, आणि आता कुलूप राहणार नाही. नाव घेतले नाही, पण घ्यायची गरज कुठे होती? सगळी डोकी मागे वळली. तो बाकाकडे बघत राहिला. त्याला बरे वाटले की पुन्हा लाजल्यासारखे झाले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

सदर मुदर्रिसांनी विचारले, "माल कमी झाला तर जबाबदार कोण?" आम्ही म्हणालो, आम्ही. त्यांनी ते लिहून मागितले नाही, ही त्यांची मेहरबानी. माल कमी झालाच. २० नव्या पेन्सिली ठेवल्या होत्या, पहिल्या आठवड्यात त्यांतल्या सात गेल्या. वाईट वाटले, पण मोजणी वर्गात केली नाही, शाळा सुटल्यावर केली. पुढे नव्या पेन्सिली आणखी घटल्या, मात्र अरुंद कोनांत कोणाकोणाचे आखूड तुकडे येऊन पडू लागले. मुले आपापले आणून टाकत होती की नव्याच्या बदल्यात जुने ठेवत होती, याचा शोध आम्ही घेतला नाही.

त्या मुलाने मात्र तीन आठवडे पेटीला हात लावला नाही. आपली सुताचे वेढे दिलेली पेन्सिल घेऊन बसायचा. मग एका मधल्या सुट्टीत तो टेबलाशी आला, मुठीत चिंध्या घेऊन. "आपा, छोटी पेन्सिल डूब जाती है." खरेच होते. सात इंच खोल कोनात दोन इंचांचा तुकडा टाकला की तो तळाशी जाई, आणि काढायला मुले कोनच उपसून उलटा करीत. आमच्या ते लक्षात आले नव्हते, कारण आमच्या हातात पेन्सिल असते ती नवी असते. त्याने पेटीतली कात्री घेतली, चिंध्या कापल्या, आणि पुढच्या पाच कोनांत ठासून तळ वर आणला. तुकड्यांची डोकी बाहेर दिसू लागली. कात्री त्याने जागच्या जागी ठेवली. आम्ही हजेरीपट भरत असल्याचे दाखवले.

तो आता नववीत आहे, दुसऱ्या इमारतीत. कागदी कोन पावसाळ्यात मऊ पडतात, दरवर्षी बदलावे लागतात. जून २०२५ मध्ये शाळा उघडली तेव्हा त्याची धाकटी बहीण सहावीत आली, पाठीवर गोणी घेऊन. "भाई ने भेजा है," म्हणाली आणि कुठे ठेवू म्हणून विचारू लागली. आम्ही मोजायला बसणारच होतो, मग तिलाच मोजायला सांगितले. ४३ निघाले. तीन जास्तीचे कपाटावर ठेवले आहेत.