डोंगराची अनामत

गेल्या मे महिन्यात लेकीने कॉलेजजवळची भाड्याची खोली सोडली. आत शिरताना घरमालकाने एका महिन्याचं भाडं अनामत म्हणून ठेवून घेतलं होतं. बाहेर पडताना त्याने भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजली आणि रंगकामाचे म्हणून २०० डॉलर कापून घेतले. "चार खिळ्यांचे दोनशे डॉलर!" तिची चिडचिड काही केल्या संपेना.

जूनमध्ये आम्ही सुर्ल्याला गेलो, तेव्हा तिने हे गाऱ्हाणं माझ्या काकांपुढेही मांडलं. मला वाटलं, काका हसतील. ते म्हणाले, "बरोबर केलं त्यानं. पैसे अगोदर घेतले नसते, तर भिंत लिंपायला तू परत आली असतीस?" मग छत्री उचलून म्हणाले, "चल, तुला एक भिंत दाखवतो."

आमचं सुर्ला डिचोली तालुक्यातलं. चोर्ला घाटाजवळचं, सत्तरीतलं सुर्ला वेगळं. लहानपणी आमच्या घरामागे डोंगर होता. आता तिथे खड्डा आहे, आणि खड्ड्याशेजारी खड्ड्यातून काढलेल्या मातीचा नवा डोंगर. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती बाजूला करावी लागते. खनिज बार्जमधून नदीवाटे मुरगाव बंदराला जातं आणि तिथून परदेशी. माती गावातच राहते.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. ढिगाऱ्यावरून लाल पाणी ओघळत वहाळाला मिळत होतं, आणि वहाळ आमच्या शेताकडे वळत होता. त्या शेतात आजी भात लावायची. आता वरच्या थरात हात घातला, तर माती मऊ लागत नाही. वाळलेल्या लाल चिखलाचे पापुद्रे निघतात. खाण चालू होती तेव्हा वर्षाला थोडी नुकसानभरपाई यायची. ती त्या वर्षीच्या पिकाची असे, शेताची नव्हे. खाण थांबली, भरपाईही थांबली. चिखल मात्र प्रत्येक पावसाळ्यात येतोच.

"मग खाण बंद करताना हे सगळं नीट करायचा नियम नाही?" लेकीने विचारलं.

नियम आहे. मी परत आल्यावर तो नीट वाचला. खनिज संवर्धन आणि विकास नियमांत २००३ साली दुरुस्ती झाली आणि खाण मिटवण्याचा आराखडा देणं बंधनकारक झालं. खड्ड्याचं काय करणार, ढिगारे कसे स्थिर करणार, झाडं कुठे लावणार, हे सगळं त्यात लिहायचं. खाणमालकाने काम अर्धवट टाकलं तर हाती काहीतरी असावं, म्हणून आर्थिक हमीही घ्यायची. ही हमी म्हणजे लेकीच्या घरमालकाने घेतली तसलीच अनामत. फक्त रोख पैशाऐवजी बहुधा बँकेची हमी असते. काम पूर्ण झाल्याचं भारतीय खाण ब्यूरोला पटलं की ती सोडवून द्यायची.

रक्कम किती? यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणींना वापरातल्या जमिनीच्या हेक्टरमागे २५,००० रुपये. छोट्या खाणींना १५,०००.

हा आकडा वाचला आणि मला काकांचा टिपर आठवला. २००९ साली चीनमधली मागणी जोरात होती आणि गावात ज्याच्या त्याच्या दारात टिपर उभा राहत होता. काकांनीही १० लाखांचं कर्ज काढलं. बँकेने गाडी तर तारण ठेवलीच, वर घराचे कागद घेतले आणि माझ्या बाबांची जामीन म्हणून सही घेतली. काकांच्या शब्दावर बँकेने काहीच सोडलं नाही, आणि सोडू नयेच.

आता हिशोब करा. त्याच काळात ४० हेक्टरच्या मोठ्या खाणीसाठी लागणारी हमी होती ४० गुणिले २५,००० म्हणजे १० लाख. एका टिपरसाठी माझ्या काकांकडून जेवढ्या रकमेची हमी घेतली, तेवढ्यात एक अख्खा डोंगर फोडायला मोकळीक होती.

त्या टिपरने आम्हाला काय दिलं, हेही सांगायला हवं. घराचा स्लॅब त्यातून पडला. चुलतभावाचं इंजिनियरिंग झालं. तुळशीच्या पानांवर लाल धूळ बसायची, काकू ती रोज धुवायची, आणि संध्याकाळी गाडीच्या खेपा किती झाल्या हेही तीच मोजायची. आम्ही फक्त सोसणारे नव्हतो.

मग शहा आयोगाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की गोव्यातले खाणपट्टे २००७ सालीच संपले होते. खाणी पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चपासून परत थांबल्या. टिपर दारात गंजला. सरकारी मदत योजनेतून भार थोडा हलका झाला, पण बँकेने काकांना विसरू दिलं नाही. घराचे कागद सुटेपर्यंत त्यांना नीट झोप नव्हती. डोंगराच्या कागदांसाठी अशी झोप कुणाची उडाली असेल, असं मला वाटत नाही.

हे फक्त गोव्यातच घडतं, असंही नाही. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनियात १८५९ साली टायटसव्हिलला तेलाची विहीर खोदली गेली आणि अमेरिकेतला तेलाचा धंदा उभा राहिला. आज इथल्या रानांत मालक पळून गेलेल्या, कुणीच न बुजवलेल्या विहिरी आहेत. त्यांना 'अनाथ विहिरी' म्हणतात. एक विहीर नीट बुजवायला हजारो डॉलर लागतात, आणि जुन्या पद्धतीच्या विहिरीला राज्य अनामत घेतं २,५०० डॉलर. त्यातही एकाच मालकाच्या अनेक विहिरी असल्या, तर सगळ्यांसाठी मिळून एकत्र हमी चालते. साहजिकच विहीर बुजवण्यापेक्षा अनामत सोडून देणं स्वस्त पडतं. शेवटी २०२१ च्या कायद्याने केंद्र सरकारला अनाथ विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर बाजूला काढावे लागले. म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

भारतात रक्कम वाढली आहे. २०१७ साली मोठ्या खाणींसाठी ती हेक्टरी ३ लाख झाली, २०२१ साली ५ लाख. खाण मिटवण्याचा अंतिम आराखडा मुदतीत दिला नाही, तर हमी जप्त करण्याची तरतूदही आली. २०२२ च्या अखेरीला डिचोलीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. काकांचा खाणींना विरोध नाही. गावातल्या पोरांना काम हवंच आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की अनामत हेक्टरवर मोजू नका, खड्डा नीट करायला जेवढा खर्च येईल त्यावर मोजा.

"जनसुनावणी होते, तेव्हा सगळे नोकऱ्या आणि धूळ विचारतात," ते परतीच्या वाटेवर म्हणाले. "हे कुणी विचारत नाही."

तुमच्यापैकी अनेकांची गावं डिचोलीत, सत्तरीत, सांग्यात आहेत, आणि घराचे उतारे आता तुमच्या नावावर येतील. पर्यावरण परवान्याआधी होणाऱ्या जनसुनावणीत लेखी म्हणणं देता येतं. लेकीने काकांच्या वतीने एक पान मराठीत लिहून ठेवलं आहे. त्यात एकच प्रश्न आहे: तुम्ही निघून गेल्यावर आमच्या शेतातला चिखल काढायला किती पैसे ठेवले आहेत, आणि ते कुणाच्या ताब्यात आहेत?

शुद्धलेखन मी तपासलं. प्रश्नात काही बदलायला नको होतं.