सही घेण्यापूर्वी

नव्या औषधाचे श्रेय डॉक्टरांना मिळते, कंपनीलाही मिळते. संशोधन परिचारिका मात्र कोणाच्या ध्यानीमनीही नसते. इंग्लंडात हे मान्यताप्राप्त पद आहे. आपल्याकडे तेच काम बहुधा 'को-ऑर्डिनेटर' या नावाखाली चालते, आणि ते करणारी व्यक्ती परिचारिका असेलच असे नाही.

आम्हां इंदूरकरांना या कामाचे मोल अधिक कळावे. औषधचाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका नेली ती येथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने. पुढे २०१३ मध्ये रुग्णाच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा आदेश निघाला. (२०१५ मध्ये हे बंधन बरेच आकुंचित झाले, तो भाग निराळा.)

मूत्रपिंडाच्या विकारात ही संमती विशेष नाजूक असते. दुखत काही नसते, क्रिएटिनिन तेवढे वाढत जाते आणि मनात डायलिसिसची धास्ती. अशा माणसाला चाचणी म्हणजे उपचारच वाटतो. आमच्या मेहुण्यांचे तसेच झाले. परिचारिकेने हिंदी माहितीपत्रक वाचून दाखविले व म्हणाली, "बाबूजी, अब आप मुझे समझाइए." मेहुणे उत्तरले, नवे औषध मिळेल, किडनी सुधारेल. तिने पेन बाजूस ठेवले. गोळीत औषध असेल किंवा नसेलही, ते तिलाही ठाऊक नसेल, मधेच सोडले तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे सारे तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितले आणि कागद घरी नेण्यास दिले. 'वाचले, समजले' या शब्दांखालच्या हजारो सह्या आम्ही नोकरीत पाहिल्या. समजले का, असे विचारणारा विरळा.

सही आठ दिवसांनी झाली. मग दर भेटीस रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन, उरलेल्या गोळ्यांची मोजदाद. २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या 'डापा-सीकेडी' चाचणीत भारतासह २१ देशांतील ४,३०४ रुग्ण होते. मूत्रपिंडाचे कार्य निम्म्याने घटणे, ते निकामी होणे, किंवा त्यामुळे अथवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काही ओढवलेले रुग्ण डापाग्लिफ्लोझिनच्या गटात ९.२ टक्के, तर औषधविरहित गोळीच्या गटात १४.५ टक्के निघाले. गोळ्यांचा हिशेब चुकता, रुग्ण मधेच गळते, तर या आकड्यांना काय अर्थ उरला असता?

तिसऱ्या भेटीत तिने सहज विचारले, गुडघ्यांसाठी काही घेता का? मेहुणे दोन वर्षे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते. मूत्रपिंडाला त्या घातक. डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले नव्हते, "दुखण्याची गोळी, ते कसले औषध?" परिचारिका रागावली नाही. तिने नोंद केली व उठून डॉक्टरांना बोलावून आणले. त्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या.